दात्रीचे नाव

एखाद्या मोठ्या कुटुंबातील कर्ती, वृद्ध स्त्री निवर्तली म्हणजे तिच्यामागे जे बोलले जाते त्यात दोन वाक्ये हटकून असतात. तिच्या दारातून कोणी विन्मुख गेला नाही, हे एक; आणि तिच्या हाताला काही वेगळीच चव होती, हे दुसरे. ही दोन्ही वाक्ये बहुधा खरी असतात, आणि ती बोलणाऱ्यांचे डोळेही खरोखरीच पाणावलेले असतात. तथापि पुढे दहा-वीस वर्षे लोटली की त्यांतील पहिले तेवढे उरते. आजी उदार होती एवढे नातवंडांस ठाऊक असते. ती काय काय करीत असे, कसे करीत असे, कोणापासून शिकली, तिचे माहेरचे नाव काय होते, असे विचारले तर घरात कोणास उत्तर देता येत नाही. औदार्य स्मरणात राहते आणि कर्तृत्व विसरले जाते. असे का व्हावे, आणि हा नुसता विसराळूपणा समजावा की अन्याय, ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रश्न घरगुती दिसतो, पण लहान नाही. ज्या हातांनी संसार उभा केला त्या हातांविषयी आपण काय लक्षात ठेवतो ह्यावरून दान म्हणजे काय आणि निर्मिती म्हणजे काय ह्याविषयीच्या आपल्या कल्पना उघड होतात. ह्या कल्पनांत काही खोट असेल तर ती मृतांपेक्षा जिवंतांस अधिक बाधते. कारण गेलेल्या आजीविषयी आपण ज्या रीतीने बोलतो त्याच रीतीने स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आईकडे पाहतो.

विचाराला काही ठाव असावा म्हणून आम्ही नागपूर जिल्ह्यातील कुही तालुका डोळ्यांपुढे ठेवतो. नागपूरच्या आग्नेयेस वैनगंगेच्या काठापर्यंत पसरलेला हा मुलूख धानाचा आणि मिरचीचा. ह्याच तालुक्यात आंभोरा येथे नद्यांचा संगम आहे, आणि मुकुंदराजाने ‘विवेकसिंधु’ तेथेच रचला असे परंपरा मानते. ह्याच तालुक्यात मांढळ हे गाव आहे. ह्या भूमीने दोन प्रकारच्या देणाऱ्या स्त्रिया पाहिल्या. एकीचे दान तांब्यावर कोरले गेले. दुसरीचे दान ज्याने खाल्ले त्याच्या अंगी लागले आणि तेथेच संपले.

मांढळ येथे वाकाटक राजांचे ताम्रपट सापडले आहेत. ते दुसरा रुद्रसेन, दुसरा प्रवरसेन आणि दुसरा पृथिवीषेण ह्यांचे. नाती लावून पाहिली तर हे तिघे एकाच घरातील पती, पुत्र आणि पणतू ठरतात. आणि ही नाती जिच्यावरून लावावयाची ती स्त्री म्हणजे प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त ह्याची ही कन्या. पती रुद्रसेन अकाली वारला, मुले लहान होती, आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस विदर्भाच्या राज्याचा भार हिने स्वतः वाहिला. तिचे स्वतःचे ताम्रपट मांढळास नव्हे, अन्यत्र मिळाले. एक पुणे ताम्रपट म्हणून ओळखला जातो, दुसरा अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा, तिसरा भंडारा जिल्ह्यातील मिरेगावचा. वाकाटकांचे सर्व लेख एकत्र संपादून महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून ह्या राजमातेचे चरित्र अभ्यासकांस हाताशी आले आहे.

पुणे ताम्रपट हा ज्येष्ठ पुत्र दिवाकरसेन ह्याच्या युवराजपदाच्या तेराव्या वर्षीचा आहे. म्हणजे किमान तेरा वर्षे कारभार ह्या मातेच्या हाती होता. कार्तिक शुद्ध द्वादशीस दंगुण नावाचे गाव तिने चनालस्वामी नावाच्या आचार्यास दिले, एवढाच त्याचा व्यावहारिक मजकूर. परंतु आमचे लक्ष वेधून घेते ती त्याची मांडणी. त्याच्या मुद्रेवर प्रभावतीचे नाव नाही. युवराजाच्या जननीचे हे शासन आहे, एवढेच तेथे सांगितले आहे. आणि आतल्या मजकुरात मात्र तिने पतीच्या वंशापूर्वी पित्याचा वंश दिला, पित्याचे धारण गोत्र आपले म्हणून सांगितले, आणि स्वतःचे नाव घातले. बाहेरून जननी आणि आतून प्रभावतीगुप्ता! सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीने आपल्या दोन्ही ओळखी एकाच ताम्रपटात जपून ठेवल्या, आणि एकीसाठी दुसरी पुसू दिली नाही.

तिचे स्मरण तिच्या मागे कसे झाले, हेही पाहण्याजोगे आहे. रामटेकच्या टेकडीवर केवल नरसिंहाचे जे देवालय आहे त्याच्या भिंतीवरील चुन्याचा गिलावा काढताना एक शिलालेख उघडा पडला. त्यातील पुष्कळ अक्षरे झिजली आहेत. तरी एवढे वाचता येते की प्रभावतीच्या कन्येने आईच्या पुण्यासाठी विष्णूचे देवालय उभारले आणि देवाचे नाव ‘प्रभावतीस्वामी’ असे ठेवले. आईच्या प्रेमळपणाचे वर्णन करून ही कन्या थांबली नाही. दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आईचे नाव यावे अशी तजवीज तिने केली. स्मरणाचे खरे काम काय असते, ते ह्या मुलीस बरोबर उमगले होते.

परंतु प्रभावती राजमाता होती. तिच्यापाशी गावे होती, तांबे होते, अक्षरे कोरणारा होता. जिच्यापाशी ह्यांतील काहीच नव्हते अशा दुसऱ्या दात्रीकडे आता वळावयाचे आहे.

कुहीच्या आसपास अशी स्त्री कोणत्याही वाड्यात, कोणत्याही झोपडीत सापडली असती. पहाटे जात्यावर बसणे, धानाचा कोंडा पाखडणे, मिरचीचे देठ खुडणे हे तिचे नित्याचे काम. मिरचीचे देठ खुडण्याची ही जागा ह्या भागात सातरा म्हणून ओळखली जाते आणि आजही तेथे मुख्यत्वे स्त्रियाच बसलेल्या दिसतात. उन्हाळ्यात काड्यांवर सरगुंडे वळावे, कुरडया घालाव्या, सांडगे मांडावे. पावसाळ्याच्या आधी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवावी. भाद्रपदाच्या पौर्णिमेनंतर मुली भुलाबाईची गाणी म्हणू लागल्या की विसरलेले कडवे सांगावे, आणि आठवले नाही तर नवे जोडून द्यावे. पाहुणा आला म्हणजे लांब रोटीचा बेत. ह्या रोटीची कणीक इतकी सैल भिजवितात की ती लाटता येतच नाही. ती आपटून आपटून तिला तार आणावी लागते, मग दोन्ही हातांवर खेळवून वस्त्रासारखी पातळ करावी लागते, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर एका झटक्यात टाकावी लागते. क्षणभर हात चुकला की ती फाटते. हे कौशल्य कोणत्याही पुस्तकातून येत नाही. आईच्या, सासूच्या शेजारी वर्षानुवर्षे उभे राहूनच ते हाती उतरते.

ही स्त्री दानशूर होती, असे सारे गाव म्हणते. आता शास्त्राच्या कसोटीवर हे विधान घासून पाहू. आपल्या धर्मशास्त्रकारांनी दानाची व्याख्या मोठ्या काटेकोरपणे केली आहे. एखाद्या वस्तूवरील आपले स्वामित्व सोडून ते दुसऱ्याच्या ठायी उत्पन्न करणे म्हणजे दान. तेव्हा ज्याचे वस्तूवर स्वामित्वच नाही त्याला ती दान करता येत नाही. आमच्या ह्या गृहिणीचे स्वामित्व कशावर होते? धान्य घराचे, म्हणजे कर्त्या पुरुषाचे. जमीन त्याची, गुरे त्याची, मिरची विकून आलेला पैसाही त्याचा. स्त्रीधन तेवढे तिचे; पण दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा अटक अशा प्रसंगी पतीने ते घेतले तर परत करण्याचे बंधन त्याजवर नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. विधवेस पतीच्या मिळकतीत मर्यादित का होईना पण हक्क मिळाला तो १९३७ च्या कायद्याने. तो पूर्ण झाला १९५६ च्या कायद्याने. आणि मुलगी मुलासारखीच जन्मतः सहभागीदार झाली ती २००५ मध्ये. तेव्हा त्याआधीच्या कित्येक पिढ्यांतील ज्या स्त्रिया आज उदार म्हणून आठवल्या जातात त्यांनी शास्त्राच्या दृष्टीने काहीच दिले नाही! देणारा पती, ती केवळ वाढणारा हात.

हा निष्कर्ष कोणाही जेवून गेलेल्या माणसास पटणार नाही, आणि तो न पटणेच बरोबर आहे. कारण पाहुण्याने जे घेतले ते नुसते धान्य नव्हते. तांदूळ कोणत्याही घरी तांदूळच असतो. त्या तांदळाचे अन्न होण्यासाठी त्यात जे मिसळले गेले ते तिचे होते आणि केवळ तिचेच होते. पहाटेची मोडलेली झोप तिची होती. सर्वांचे झाल्यावर उरलेल्यात भागविताना जो घास कमी पडला तो तिचा होता. कोण मागतो आहे हे तर कोणासही ऐकू येते. न मागणाऱ्याची भूक ओळखण्याची जी नजर, ती तिची होती. आणि कणकेला तार आणणारे, चिंध्यांत रंगसंगती पाहणारे, गाण्यात कडवे जोडणारे कौशल्य तिचे होते. ह्या चार गोष्टींवर ना पतीचे स्वामित्व होते ना कायद्याचे. ह्याच तिने दिल्या, आणि दिल्या त्या पूर्ण स्वामित्वाने दिल्या.

एवढे मान्य केले की एक महत्त्वाची गोष्ट आपोआप सिद्ध होते. तिचे औदार्य आणि तिची निर्मितिशीलता हे दोन निराळे गुण नव्हते. ‘ती उदार होती, शिवाय हाताने कुशल होती’ असे जे आपण बोलतो त्यातील ‘शिवाय’ हा शब्द चुकीचा आहे. कौशल्य हेच तिचे धन होते. म्हणून कौशल्याचा वापर हेच तिचे दान होते. आता हे कौशल्य विसरून नुसते औदार्य स्मरणे म्हणजे काय, ते पाहा. ज्या द्रव्यातून दान झाले ते द्रव्यच आपण हिशेबातून काढून टाकतो, आणि जुन्या व्याख्येप्रमाणे तिने काहीच दिले नाही ह्याच निष्कर्षाकडे नकळत परत जातो. मग औदार्याला आधार उरत नाही, आणि आपण तो आधार निसर्गात शोधतो. आई म्हणजे झरा, आई म्हणजे धरित्री, आई म्हणजे कल्पवृक्ष! ह्या उपमा गोड आहेत. परंतु झऱ्याला श्रम होत नाहीत, धरित्रीला निवड करावी लागत नाही, आणि कल्पवृक्षाला कोणी शिकविलेले नसते. जी निवड करते, श्रमते, शिकते आणि प्रसंगी चुकतेही, तिला झरा म्हणणे हा तिचा गौरव नव्हे. तिचे कर्तेपण तिच्यापासून काढून ते निसर्गाच्या नावे चढविण्याचा तो प्रकार आहे. म्हणूनच ह्या विसरास आम्ही अन्याय म्हणतो.

हा अन्याय टळला तर काय होते त्याचे उदाहरण खानदेशात आहे. बहिणाबाई चौधरी ह्यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी झाला. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरी तीन मुले, आणि आयुष्यभर शेत, चूल व जाते. लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता त्या गाणी रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते. त्यांनी व घरातील एका आप्ताने ती गाणी आईच्याच बोलीत टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या आणि आचार्य अत्रे ह्यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या गाण्यांचा संग्रह १९५२ साली निघाला. आज जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. हातातील लेखणी त्या मुलाने त्या वेळी उचलली नसती तर काय उरले असते? कष्टाळू होती, मायाळू होती, गाणी छान म्हणायची, एवढी तीन वाक्ये उरली असती, आणि ती सारी खरीच असती. सत्य किती अपुरे असू शकते त्याचे ह्याहून बोलके प्रमाण आम्हांस ठाऊक नाही.

बहिणाबाई निरक्षर होत्या ह्याचे कौतुक पुष्कळ होते. आम्हांस त्या कौतुकात थोडा धोका दिसतो. निरक्षर असूनही काव्य सुचले, म्हणजे ते पाखराच्या गाण्यासारखे आपोआप सुचले, असा त्यातून ध्वनी निघतो. परंतु जात्याच्या फेऱ्याशी ओवीचा ठेका जुळविणे, शब्द पारखणे, पाहिलेल्या वस्तूतून विचार काढणे ही शिक्षणाने आलेली कला आहे. फक्त त्या शाळेला पाटी नव्हती. ह्या शाळेतल्या विद्यार्थिनींची संख्या किती मोठी होती, ते पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइतवाँ ह्यांच्या कार्यावरून कळते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ओवीबरोबर गाणारणीचे नाव व गाव नोंदविले. जुन्या संग्रहांत ओवी भेटते, तिची गाणारीण क्वचितच भेटते. नाव लिहिण्यास शाईचा एक थेंब लागतो. तेवढ्याने ‘लोकांची गाणी’ ह्या मोघम शब्दामागची माणसे दिसू लागतात.

येथे एक वजनदार आक्षेप येतो. गुप्तदान हेच श्रेष्ठ दान, असे आपली परंपरा म्हणते. ज्या स्त्रीने आयुष्यात कधी नाव मिरविले नाही, तिच्या नावाची दवंडी पिटणे हा तिच्या वृत्तीचा भंग नव्हे काय? ‘त्यात माझं काय मोठं?’ असे जी म्हणत आली तिच्यावर मोठेपणा लादणारे आपण कोण? बहिणाबाईंनीही आपल्या गाण्याचे श्रेय देवीस दिले होते.

आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु त्यात देणाऱ्याचा धर्म आणि घेणाऱ्याचा धर्म ह्यांची गल्लत झाली आहे. पहिल्या शतकातील रोमन तत्त्वज्ञ सेनेका ह्याने उपकारांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. देणाऱ्याने दिलेले लगेच विसरावे आणि घेणाऱ्याने ते कधीही विसरू नये, असे त्याचे म्हणणे. दोघांचे धर्म उलट आहेत, आणि ते उलट असण्यातच दानाची शोभा आहे. देणाऱ्याने आपले नाव झाकणे हा त्याचा विनय. घेणाऱ्याने ते पुसणे हा कृतघ्नपणा. तिने श्रेय सोडले हे खरे. पण सोडलेले श्रेय आपल्या पदरात पाडून घेण्याचा हक्क आपणांस त्यामुळे मिळत नाही. फ्रेंच विद्वान मार्सेल मॉस ह्याने १९२५ साली निरनिराळ्या समाजांतील देणग्यांच्या चालींचा अभ्यास करून दाखविले की दिलेली वस्तू परतफेडीची ओढ आपल्याबरोबर घेऊनच येते. ज्याला परत काही देता येत नाही तो मिंधा राहतो. घरातील मातेच्या बाबतीत ह्या मिंधेपणातून सुटण्याची एक सोयीस्कर वाट आपण काढली आहे. तिला देवी म्हणावे, म्हणजे देणे हा तिचा स्वभावच ठरतो आणि परतफेडीचा प्रश्न मिटतो. स्तुती ही कधी कधी ऋण बुडविण्याची सर्वांत सभ्य रीत असते.

देवत्व दिल्याने आणखीही एक हानी होते; माणूस दिसेनासा होतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. रेव्हरंड टिळक हाती आलेले देऊन टाकणारे. घर चालवायचे ते लक्ष्मीबाईंनी. दान करणारा हात एक आणि त्या दानानंतर उद्याची सोय लावणारा हात दुसरा, हे त्या पुस्तकाइतके सहज, हसत हसत दुसरीकडे कोठे दिसत नाही. त्यात रुसवे आहेत, भांडणे आहेत, स्वतःच्या फजितीच्या गोष्टी आहेत. त्यामुळे लक्ष्मीबाई वाचकाच्या मनातून उतरल्या काय? उलट पिढ्यान्‌पिढ्या वाचकांस त्या घरच्या वाटत आल्या आहेत. दोष सांगितल्याने आदर कमी होतो ही भीती निराधार आहे.

आणि खरे स्मरण म्हटले म्हणजे दोष सांगावेच लागतात. कारण औदार्यालाही सीमा होत्या. वर आम्ही म्हटले की स्त्रीने दिले ते स्वतःचे श्रम आणि कौशल्य. परंतु तीच स्त्री सासू झाली, घराची सूत्रे तिच्या हाती आली, म्हणजे पंगती उठू लागल्या त्या पुष्कळदा सुनांच्या श्रमांवर. जी गोष्ट आपली नाही तिचे दान होत नाही, हा नियम मग तिलाही लागू करावा लागतो. मोठ्या मनाच्या सासूची कीर्ती गावभर, आणि तिच्या चुलीपाशी धुराने डोळे लाल झालेल्या सुनेचे नाव कोणास ठाऊक नाही, असे जेथे घडले तेथे दात्री दोघी होत्या, हे लिहिले पाहिजे. तसेच तिच्या दारातून कोणी विन्मुख गेला नाही असे म्हणताना, दाराच्या आत कोणास येऊ दिले जात होते आणि कोणाच्या भाकरीवर वरून कोरड्यास टाकले जात होते, हेही विसरता कामा नये. ताम्रपटांचेही असेच आहे. दंगुण गाव कोणी दिले आणि कोणाला मिळाले हे कोरलेले आहे. ज्यांच्या नांगरामुळे त्या गावाला मोल होते त्यांची नावे त्यात नाहीत. दात्रीचे नाव राखा असा आग्रह धरणाऱ्याने ह्या बाकीच्या नावांचाही आग्रह धरला पाहिजे. नाही तर आपला न्याय आपल्याच घरापुरता ठरेल.

आता कोणी विचारील, की हे सारे पटले तरी करावयाचे काय? प्रत्येकीस रामटेकचे देवालय कोठून उभारावे? ह्याला उत्तर देण्याआधी कुही तालुक्याकडे पुन्हा एकदा पाहू. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली; पुढे त्याच्या पाण्याखाली ह्या तालुक्यातील गावे गेली आणि तेथील कुटुंबे नव्या वसाहतींत गेली. मांढळच्या मातीने ताम्रपट पंधराशे वर्षे सांभाळला. पण चुलीची जागा, तुळशीचा ओटा, जात्याचा कोपरा हे एका पिढीत पाण्याखाली गेले. घर हेच आजीचे स्मारक, असे ज्यांनी धरले होते त्यांचे स्मारक बुडाले. जिच्यापाशी लांब रोटीचा हात होता, ओठांवर भुलाबाईची कडवी होती, तिने मात्र ती नव्या वसाहतीतही नेली. तेव्हा स्मरण वस्तूंत ठेवण्यापेक्षा विद्येत ठेवणे अधिक टिकाऊ, एवढे तरी ह्यावरून घेता येते. आईचे कौशल्य शिकून घेणे हे तिचे उत्तम श्राद्ध होय. आणि ते मुलींनी जसे शिकावे तसे मुलांनीही शिकावे, कारण ऋण दोघांवर सारखेच आहे.

दुसरे, नोंद करावी. आणि ती ती हयात असतानाच करावी. लग्नात तांदळात नवे नाव लिहिले की मुलीचे जुने नाव बहुधा त्याच ताटात राहते. घरातील वहीत ती दोन्ही नावे, माहेरचे गाव, तिने काय काय केले आणि ते कोणी उचलले, एवढे तिच्याच शब्दांत उतरवून घेणे सोपानदेवांनंतर कोणासही अशक्य वाटू नये.

तिसरे काम पहिल्या दोहोंहून अवघड आहे. आमच्या काळचा ताम्रपट म्हणजे सातबारा. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांस आपल्या जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करण्यास सांगितले. हे दान नव्हे, घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडणे आहे, अशी तिची भूमिका होती. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावापुढे आईचे नाव घालणे आवश्यक केले आहे. प्रभावतीच्या मुद्रेवर ‘जननी’ होती, नाव नव्हते; ह्या कागदांवर जननीचे नावही आले. हे योग्यच झाले. पण प्रभावतीने आपले नाव लिहिले ते दान देणारी म्हणून, आपल्या वंशासह व आपल्या अधिकाराने. आईचे नाव मुलाच्या नावाशेजारी आले. जमिनीच्या उताऱ्यावर ते अजून किती घरांत आले आहे, हे ज्याने त्याने आपापला सातबारा काढून पाहावे.